जपानी गाणं पहिल्या अक्षरावरून शोधण्यामागचा इतिहास

जपानमधल्या काराओके खोलीत गाणी निवडायच्या टॅबलेटवर 'गाण्याचं नाव' हा पर्याय दाबला की अक्षरांचा तक्ता उघडतो. पहिल्या ओळीत आ, इ, उ, ए, ओ. पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा यांच्या ओळी आणि सगळ्यांत शेवटी एकटा 'न्'. मराठी शाळेत वर्णमाला घोकलेल्या माणसाला हा क्रम ओळखीचा वाटतो, आणि त्याचा अंदाज चुकत नाही. स्वर आधी, मग क-वर्गापासून प-वर्गापर्यंतची व्यंजनं, मग य, र, व. जपानी उच्चारांना लागेल तेवढीच ठेवलेली ही संस्कृत वर्णमाला आहे. तिकडे या मांडणीला 'गोजुओन', म्हणजे पन्नास ध्वनी, म्हणतात. प्रत्यक्षात आज घरं भरतात ४६च.

ही मांडणी बौद्ध भिक्षूंमार्फत जपानला पोचली. बोधिसेन हा भारतीय भिक्षू ७३६ साली नारा इथे पोचला आणि ७५२ मध्ये तिथल्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचं नेत्रोन्मीलन त्याच्याच हातून झालं. कूकाई या जपानी भिक्षूने ८०६ मध्ये चीनहून परतताना सिद्धम् या संस्कृत मंत्र लिहायच्या लिपीतले ग्रंथ बरोबर आणले. मंत्राचा उच्चार बिघडला तर फळ मिळत नाही अशी श्रद्धा असल्याने मठांमध्ये ध्वनींचा अभ्यास कसून चालायचा. अशा तक्त्याचा सर्वांत जुना उपलब्ध पुरावा महामायूरी सूत्राच्या उच्चारांवरच्या एका टीकेत आहे. ती अकराव्या शतकाच्या सुरुवातीची असून क्योतोच्या दाइगोजी मठात जपलेली आहे. तिच्यातला क्रम मात्र आजचा नाही. १०९३ मध्ये म्योगाकू या तेंदाई पंथाच्या भिक्षूने ध्वनींची पद्धतशीर मांडणी केली, पण ओळी मागेपुढे होणं त्यानंतरही बराच काळ चालू राहिलं.

दोन ठिकाणी आपल्याला ठेच लागते. च-वर्गाच्या जागी 'सा' का, आणि 'ना' व 'मा' यांच्यामध्ये, म्हणजे प-वर्गाच्या जागी, 'हा' कुठून आला? याचं उत्तर उच्चारांच्या बदलात आहे. आजचा 'ह' जुन्या जपानीत 'प' होता. त्याचा पुढे ओठांतून फुंकलेला 'फ' झाला (१६०३ मध्ये नागासाकीला छापलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशात हे शब्द एफ अक्षराने लिहिले आहेत) आणि मग 'ह'. 'स'चा उच्चारही पूर्वी च किंवा त्स याच्या जवळचा असावा असं अभ्यासक मानतात. ध्वनी बदलले, ओळींनी जागा सोडली नाही.

तरी शतकानुशतकं याद्या लावायला जपान्यांनी हा क्रम फारसा वापरला नाही. त्यासाठी 'इरोहा' होता. ४७ अक्षरं प्रत्येकी एकदाच येतील अशी ती कविता आहे आणि तिची सर्वांत जुनी लेखी प्रत १०७९ ची. कोश, याद्या बहुतेक इ-रो-हा-नि-होने चालायच्या. गोजुओनचं पारडं जड झालं ते मेइजी काळात (१८६८ ते १९१२). ओत्सुकी फुमिहिको यांचा 'गेनकाई' हा आधुनिक शब्दकोश १८८९ ते १८९१ दरम्यान निघाला तो याच क्रमाने. गंमत म्हणजे सूचीतून हटलेला इरोहा संगीतात टिकला आहे. तिथे स्वरांची नावं इ, रो, हा, नि, हो, हे, तो अशी आहेत, आणि पाश्चात्त्य संगीतातला सी मेजर जपानी पुस्तकात 'हा'चा मेजर असतो.

पहिल्या अक्षरावरून गाणं ओळखायची सवय मात्र यंत्रांच्या कितीतरी आधीची. वाका या छोट्या पारंपरिक जपानी कवितांना शीर्षक नसतं, त्यामुळे त्या सुरुवातीच्या शब्दांवरूनच शोधाव्या लागतात. तुकोबांच्या गाथेला पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची जोडावी लागते, त्याच कारणाने. हे कसब सर्वांत धारदार झालं ते कारुता या पत्त्यांच्या खेळात. फुजिवारा नो तेइका यांनी तेराव्या शतकात निवडलेल्या शंभर कविता त्यात असतात. वाचणारा कवितेचा पूर्वार्ध म्हणू लागतो आणि खेळाडूने उत्तरार्ध छापलेला पत्ता प्रतिस्पर्ध्याआधी उडवायचा असतो. म्हणून किती अक्षरं ऐकल्यावर कविता पक्की ठरते याचा हिशोब पाठ करतात. त्या अक्षरांना 'किमारिजी' म्हणतात. मु, सु, मे, फु, सा, हो, से या सात अक्षरांवर प्रत्येकी एकच कविता आहे, तिथे पहिला ध्वनी पुरतो. बेचाळीस कवितांना दोन अक्षरं लागतात, सदतीसना तीन, सहांना चार, दोनांना पाच. उरलेल्या सहांना थेट सहा अक्षरांपर्यंत थांबावं लागतं. 'आसाबोराके' इथपर्यंत दोन कविता अगदी सारख्या आहेत, त्यांचा निकाल पुढच्या 'आ' किंवा 'उ'वर लागतो. एकट्या 'आ'ने सोळा कविता सुरू होतात. खेळ पुढे सरकतो तसा हा हिशोब बदलतो, कारण जोडीतली एक कविता वाचून झाली की दुसरी आधीच ओळखता येते. या खेळाचे स्पर्धेचे नियम १९०४ मध्ये एकसारखे झाले.

काराओकेने हीच सवय सर्वसामान्य माणसाच्या हातात दिली. १९७१ मध्ये कोबेच्या इनोउए दाइसुके यांनी आठ-ट्रॅक टेपचं यंत्र भाड्याने द्यायला सुरुवात केली तेव्हा गाणी इतकी थोडी होती की यादी नुसती डोळ्यांखालून घातली तरी पुरायची. १९८२ पासून लेझर डिस्क आली, पण गाणी अजून तबकड्यांवरच होती. खरी उलथापालथ १९९२ ची. त्या वर्षी टेलिफोनच्या तारेवरून गाण्यांचा डेटा पाठवणारी यंत्रं आली, गाणी हजारोंनी वाढू लागली आणि सूचीचं पुस्तक टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड झालं. त्यात एक भाग गाण्याच्या नावाने आणि दुसरा गायकाच्या नावाने, दोन्ही गोजुओन क्रमात. गाणं सापडलं की समोरचा क्रमांक रिमोटवर दाबायचा. पुढे हे पुस्तक टच स्क्रीनच्या रिमोटमध्ये गेलं. 'देनमोकू' हे त्यातलं प्रसिद्ध नाव 'इलेक्ट्रॉनिक अनुक्रमणिका' अशाच अर्थाच्या शब्दांवरून बनवलेलं आहे.

यात चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. गाणं लागतं ते वाचनाप्रमाणे, लिहिलेल्या चिन्हाप्रमाणे नव्हे. यामागुची मोमोए यांच्या १९७७ च्या एका गाण्याच्या नावात शरद आणि चेरी यांची चित्राक्षरं आहेत. पण वाचायचं 'कोसुमोसु', म्हणून ते 'को'खाली. नावात ३ आणि ९ हे आकडे असलेलं, नऊ मार्च या अर्थाचं गाणं 'सानगात्सु कोकोनोका' म्हणून 'सा'खाली. सुकियाकी नावाने १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं साकामोतो क्यू यांचं गाणं 'सु'खाली शोधून उपयोग नाही. त्याचं मूळ नाव 'उए ओ मुइते आरुको', तेव्हा 'उ'. टंकताना त्यातला 'ओ' आ-ओळीतला नाही, वा-ओळीतला घ्यायचा, कारण १९४६ च्या लेखनसुधारणेनंतरही विभक्तीचा 'ओ' जुन्याच अक्षराने लिहितात. 'आरुको'चा शेवटचा दीर्घ ओ लिहायला 'को'नंतर 'उ' लागतो. परदेशी शब्दांत मात्र दीर्घ स्वराला आडवी रेघ येते. १९९६ च्या जपानी औद्योगिक मानकाप्रमाणे क्रम लावताना ही रेघ आधीचा स्वर म्हणून मोजतात, तर काही सूच्यांमध्ये ती चक्क वगळतात. नाव पानावर दिसलं नाही तर चार ओळी मागेपुढे पाहावं.

गा, झा, दा, बा, पा यांना वेगळी ओळ नाही. का, सा, ता, हा यांना छोट्या खुणा देऊनच ती लिहितात, म्हणून ती त्यांच्यातच मोडतात, आणि बाकी सगळं सारखं असेल तेव्हाच हा, बा, पा असा क्रम लागतो. मराठी कानाला सर्वांत जास्त फसवतो तो 'चि'. च-वर्गाच्या जागी सा-ओळ असली तरी 'चि' आणि 'त्सु' दोन्ही ता-ओळीत आहेत, 'फु' हा-ओळीत, आणि 'जा' हा 'शि'ला खुणा व छोटा 'या' जोडून होत असल्याने सा-ओळीत. इंग्रजी नावांची जपानी गाणीही बहुधा जपानी उच्चारानेच लागतात. लव्ह 'रा'खाली, थँक्यू 'सा'खाली, फर्स्ट 'फु'खाली, टिअर्स 'ते'खाली, कारण 'टि' लिहायला 'ते'ला छोटा 'इ' जोडतात. व्हायोलिनसारखा शब्द दोन प्रकारे लिहिला जातो, 'उ'ला खुणा देऊन किंवा सरळ 'बा'ने. त्यामुळे आधी 'उ' पाहायचा, तिथे नसेल तर 'हा'ची ओळ उघडायची.