रोध आणि वीजशक्ती (व्होल्टेज-करंटवरून काढणं)

एखाद्या उपकरणाला किती व्होल्टेज मिळतंय आणि त्यातून किती करंट जातोय हे दोन आकडे कळले की बाकीचे दोन घरबसल्या निघतात: व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध (ओहममध्ये) आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे शक्ती (वॅटमध्ये). शाळेच्या पुस्तकात व्होल्टेजला विभवांतर आणि करंटला विद्युतधारा म्हणतात, वायरमन मात्र व्होल्टेज, करंट, लोड असंच बोलतो, इथेही तेच वापरलंय.

उदाहरणार्थ २३० व्होल्टवरचा २००० वॅटचा गिझर. करंट साधारण ८.७ अँपिअर, कॉइलचा रोध २६.४५ ओहम. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडून १८० वर आलं तर लोकांना वाटतं पाणी थोडंसंच उशिरा तापेल, पण व्होल्टेजबरोबर करंटही उतरतो, म्हणजे शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने पडते आणि २००० चा गिझर जेमतेम १२२५ वॅटचा उरतो.

आता इथे एक घोळ पुष्कळ पुस्तकांत दिसतो. व्होल्टला अँपिअरने भागणं ही रोधाची व्याख्या आहे, तो ओहमचा नियम नव्हे. भागाकार कुठल्याही वस्तूचा करता येतो. नियम असं सांगतो की तापमान तेच ठेवलं तर (धातूंच्या बाबतीत तरी) व्होल्टेज बदललं तरी हा भागाकार बदलत नाही. जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब घ्या, हिशोबाने रोध ५२९ ओहम यायला हवा, पण होल्डरमधून काढून थंड असताना मल्टीमीटर लावला तर चाळीसच्या आसपासच दाखवतो. मीटर बिघडलेला नाही, पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या वर तापते आणि रोध बारा-तेरापट होतो.

नियम नेमका पहिल्यांदा कोणाला सापडला यावर वाद आहे. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्लिश शास्त्रज्ञाने बहुधा १७८१ च्या सुमारास मिठाच्या पाण्याच्या नळ्यांमधून लायडन जार (वीज साठवणारी काचेची बरणी) डिस्चार्ज करून, हाताला बसणाऱ्या शॉकच्या जोरावरून तुलना करत (मीटर म्हणजे तो स्वतःच!) जवळपास हाच निष्कर्ष काढला होता, पण त्याने तो छापला नाही आणि भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने त्याची कागदपत्रं १८७९ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा ओहम जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. काही जण म्हणून श्रेय कॅव्हेंडिशला देतात. पण जे पेटीत पडून राहिलं त्यावरून पुढे कोणी काही उभारलं नाही, त्यामुळे नियम ओहमच्या नावावर राहिला ते बरोबरच वाटतं. पीटर बार्लोने १८२५ मध्ये दिलेला नियम (करंट तारेच्या लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात) तर चुकीचाच निघाला.

गेओर्ग ओहम (१७८९–१८५४) कोलोनला शाळेत शिकवायचा. १८२५ च्या पहिल्या निबंधात त्याचंही सूत्र चुकलं होतं, लॉगरिदमवालं होतं, कारण त्या काळचा घट (बॅटरी) जोडल्या जोडल्या ढिला पडायचा, व्होल्टेज स्थिर राहायचंच नाही. मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्याने बिस्मथ आणि तांब्याचं थर्मोकपल (दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी) घेतलं, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात, त्यामुळे व्होल्टेज बारीक पण पक्कं. त्याला २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच लांबीच्या आठ सारख्या जाडीच्या तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या, वर चुंबकसुई टांगली आणि ती जागेवर आणायला किती पीळ द्यावा लागतो ते मोजलं (तेच करंटचं माप). आकडे एका सोप्या भागाकारात बसले: वर स्थिर संख्या, खाली दुसरी स्थिर संख्या अधिक तारेची लांबी. वरची संख्या म्हणजे आजचं व्होल्टेज, खालची म्हणजे उरलेल्या सर्किटचा रोध. हे १८२६ चं, गणिती पुस्तक १८२७ चं. जर्मनीत त्याची नुसती टरच उडवली गेली असं सर्रास लिहिलं जातं. टीका झाली हे खरं, पण फेक्नरसारख्या शास्त्रज्ञांनी लवकरच प्रयोग करून त्याला पाठिंबाही दिला होता, तेव्हा ती गोष्ट जरा वाढवून सांगितलेली असावी. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं.

शक्तीचा भाग ओहमचा नाही. जेम्स जूलने १८४० च्या डिसेंबरात दाखवलं की तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, लेन्झने थोड्याच वर्षांत स्वतंत्रपणे तेच काढलं. यात ओहमचा नियम घातला की व्होल्ट गुणिले अँपिअर मिळतं.

मोजताना: रोध बघायचा तर प्लग काढूनच, चालू लाईनवर ओहमचा सिलेक्टर ठेवला तर मीटर जातो. टाँग टेस्टर (वायर न कापता करंट मोजणारा चिमट्यासारखा मीटर) एकाच वायरभोवती धरायचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतले तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतो आणि शून्य दिसतं.

मोटरला हा साधा गुणाकार पुरत नाही, पॉवर फॅक्टरनेही (व्होल्ट गुणिले अँपिअरमधला खरोखर कामी येणारा हिस्सा) गुणावं लागतं, आणि थ्री-फेज असेल तर वर १.७३ ने. शेतावरचा ५ एचपीचा पंप सात-आठ अँपिअर घेतो तो याच हिशोबात, एचपीला दीड अँपिअर हा वायरमनचा आडाखा त्यातूनच आलाय.

एककं: वॅट हे नाव विल्यम सीमेन्सने १८८२ मध्ये सुचवलं. ओहम १८९३ ला शिकागोत शून्य अंशावरच्या १०६.३ सेंटिमीटर पाऱ्याच्या स्तंभावर ठरला, १९९० पासून प्रयोगशाळांत त्याचं प्रमाण क्वांटम हॉल परिणामावरून (अतिथंड अर्धवाहकात जोरदार चुंबकीय क्षेत्रात रोध ठरावीक पायऱ्यांनीच बदलतो, त्यावरून) राखलं जातं.