इलेक्शनचा खर्च: उधारीचा की फिरवाफिरवीचा?

हिवाळी अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्समधे बॅरिकेड लागतात अन् टपरीवर तर्री पोहे खाता खाता कोणीतरी म्हणतंच, इलेक्शनसाठी तिजोरी रिकामी करून राहिले. पण यात दोन वेगळ्या गोष्टी आपण एकत्र करतो. एक म्हणजे सरकार खरंच उधार काढून जास्त खर्च करतं, तूट वाढते. दुसरी म्हणजे एकूण खर्च जवळपास तेवढाच, फक्त इकडचा पैसा तिकडे जातो. बाहेरून दोन्ही सेमच, रोड झाला, फीत कापली.

उधारीवाला प्रकार नव्या लोकशाहीत जास्त. घानात लष्करी राजवटीनंतर 1992 ला निवडणूक झाली आणि त्याच वर्षी सरकारी नोकरांचे पगार 80 टक्क्यांच्या आसपास वाढवले, मग तूट भडकली. ब्रेंडर आणि ड्रेझन या दोन अर्थतज्ज्ञांनी 1960 ते 2001 मधले 68 लोकशाही देश तपासले, 2005 मधे छापलं, तर निवडणुकीच्या वर्षी तूट वाढणं हे मुख्यतः नव्या लोकशाहीच्या पहिल्या काही निवडणुकांमधेच दिसलं, ते देश बाजूला काढले की पॅटर्नच गायब! त्यांचं म्हणणं, तिथल्या मतदाराला हा खेळ अजून माहीत नसतो आणि पैसा आला कुठून हे सांगणारा मीडियाही कच्चा असतो.

आपल्याकडचं बघा. अर्थतज्ज्ञ स्तुती खेमानी यांनी 1960 ते 92 मधली 14 मोठी राज्यं तपासली, निवडणुकीआधी रस्ते वाढले, काही टॅक्स ढिले झाले पण तूट वाढली नाही, कारण रोजचा चालू खर्च दाबला होता. केंद्राचं कर्ज डोक्यावर असलं तर राज्याला नवं कर्ज काढायला केंद्राची परवानगी लागते, कलम 293, त्यामुळे मनात आलं तरी उधारी सोपी नाही. आमच्या गल्लीतला सिमेंट रोड बरोबर मतदानाच्या आधी का झाला आणि गडरलाइन (सांडपाण्याची लाइन) तशीच का राहिली, हे मला यातून समजलं.

मग लाडकी बहीण कुठे बसते? जुलै 2024 च्या पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर मागितलेला जास्तीचा खर्च, 94,889 कोटींच्या होत्या, त्यात 25,000 कोटी या योजनेसाठी. पण पुरवणी मागणी म्हणजे कर्ज नाही ना, ती फक्त खर्चाची परवानगी. खरं बघायचं असेल तर मार्चच्या बजेटमधे सुधारित अंदाजाचा (संपत आलेल्या वर्षाच्या नव्या हिशोबाचा) कॉलम उघडा, राजकोषीय तूट, म्हणजे उधारीने भरावी लागणारी तूट, मूळ आकड्याच्या वर गेली का ते बघा. आणि तूट जागेवर पण ठेकेदारांची बिलं थकलेली, असं असेल तर माझ्या मते तीही उधारीच, फक्त बँकेऐवजी ठेकेदाराकडून काढलेली.