काकूच्या म्हशीची दगडी आणि काकूचं बोट

मागच्या पावसाळ्यात आमच्या काकूच्या म्हशीला दगडी, म्हणजे कास सुजायचा रोग झाला. कासेचा एक भाग लाल, गरम, हात लावला तर खरंच दगड, आणि त्या सडातून धार काढली की दुधाऐवजी पिवळसर पाणी आणि दह्यासारख्या गाठी. दोन इंजेक्शनं झाली, सूज उतरली, तर काकू म्हणे, "उतरलं ना आता, कायले अजून पैसे घालाचे?" आणि उपचार तिथंच थांबला. पंधरा दिवसांत दगडी परत. त्यातच निंदताना काकूच्या बोटाला विळा लागला, त्याच हातानं रोज धार काढणं चालूच, बोट सुजून पू झाला आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी काहीच फरक पडेना.

पुवाच्या तपासणीत निघाला स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू. हा काही बाहेरून आलेला पाहुणा नाही, 10 निरोगी माणसांत साधारण तिघांच्या नाकात तो राहतोच, ढोरांच्या सडावरही राहतो, आणि कातडी धड आहे तोवर गुमान असतो. सडाला भेग पडली, विळा लागला, शुगरवाल्याच्या पायाला जखम झाली, सलाईनची सुई बरेच दिवस राहिली, की हा आत शिरतो. म्हणून याला संधिसाधू जंतू म्हणतात.

आता औषध याच्यावर चालेनासं कसं होतं ते पाहा. पेनिसिलीन जंतूला त्याची भिंत बांधू देत नाही, तर काही जंतूंनी पेनिसिलीनच तोडणारं रसायन बनवलं. मग 1959 मध्ये त्या रसायनानं न तुटणारं मेथिसिलीन हे औषध आलं, आणि 1961 मध्येच ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले, त्यांनी भिंत बांधायचं हत्यारच असं बदललं की औषध त्याला चिकटतच नाही. हाच एमआरएसए, म्हणजे मेथिसिलीनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस. पुढे नेदरलँड्समध्ये डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या अंगावर डुकरांतलाच एमआरएसए सापडला, म्हणजे गोठा आणि घर यात जंतूला कुंपण नाही, तो ढोरातून माणसात येतो तसा माणसातून ढोरातही जातो.

आता अर्ध्या उपचाराचं सांगतो, कारण आपल्याकडं खरी गडबड इथंच होते. सूज उतरली म्हणजे जंतू मेले असं नसतं, हा जंतू कासेच्या पेशींच्या आत लपतो, गाठी करून बसतो. पहिल्या डोसात लेचेपेचे मरतात, चिवट उरतात, आणि सोयीची जागा मिळाली की अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. वरून हे जंतू औषध पचवायची युक्ती दुसऱ्या जंतूला देतातही, शेजारी शेजाऱ्याला बियाणं देतो तशी. औषध चालू असतानाचं दूध विकायचं नाही म्हणून लोक वगारीला पाजतात, पण त्या दुधात औषधाचा अंश असतो, तिच्या पोटातले जंतू त्यावरच तयार होतात. उकळून जंतू मरतात, औषध सगळं जात नाही.

जगात 2019 या एका वर्षात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळं सुमारे 12.7 लाख माणसं गेली. काकूच्या रिपोर्टमध्ये औषधांच्या नावापुढं कुठं एस, कुठं आर लिहिलं होतं, एस म्हणजे ते औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही. अशीच तपासणी दुधाचीही होते, फक्त नमुना पहिल्या इंजेक्शनच्या आधी द्यायचा.

काकूचं बोट बरं झालं, म्हशीचा तो सड मात्र आटला. आता ती धारेआधी हात साबणानं धुते, दुखणाईत म्हैस सगळ्यात शेवटी पिळते, आणि ढेप-कुटार धार काढल्यावरच टाकते, कारण सडाचं तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो आणि खात असलेली म्हैस तेवढा वेळ शेणात बसत नाही.