ओ अँटिफोन

ओ अँटिफोन : नाताळच्या आधीच्या आठवड्यात, १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी, पश्चिमी ख्रिस्ती उपासनेत गायिली जाणारी सात लहान लॅटिन पदे. प्रत्येक पद ‘ओ’ या हाकेने सुरू होते, येणाऱ्या ख्रिस्ताला जुन्या करारातल्या एखाद्या नावाने संबोधते, त्या नावाचे थोडे वर्णन करते आणि मग ‘वेनी’, म्हणजे ‘ये’, अशी विनवणी करते. अँटिफोन म्हणजे स्तोत्राच्या आधी आणि नंतर म्हणायचे जोडपद. ही पदे सायंप्रार्थनेतल्या मरियेच्या स्तोत्राला जोडलेली आहेत. लूकच्या शुभवर्तमानातले ‘माझा जीव प्रभूला थोर मानतो’ हेच ते स्तोत्र. येशूचा जन्म आणि येशू नेमका कोण, या दोन प्रश्नांवर ख्रिस्ती परंपरेत अपार लिहिले गेले आहे. पण इतक्या थोड्या शब्दांत इतके खोल चिंतन क्वचितच आढळते.

नाताळ म्हटले की जे डोळ्यांसमोर येते ते या पदांत नाही. बेथलेहेम नाही, गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत, तारा नाही. ‘येशू’ हे नावदेखील एकदाही येत नाही. बाळ जन्माला येण्याआधी ते कोण आहे हे ओळखून घ्यावे, म्हणजे गव्हाणीपाशी पोचल्यावर आपण कोणापुढे गुडघे टेकतो आहोत हे कळेल, अशी या सात दिवसांची मांडणी आहे.

ही पदे कोणी रचली ते ठाऊक नाही. नवव्या शतकात मेत्सच्या अमालारियस या उपासनाविधीच्या अभ्यासकाने त्यांवर विवरण लिहिले, म्हणजे तोवर ती चांगलीच रुळलेली होती. त्याच्याही आधीची एक नोंद आल्क्विनच्या चरित्रात सापडते. फ्रँक सम्राट शार्लमेनच्या दरबारातला हा इंग्रज पंडित ८०४ साली फ्रान्समधील तूर येथे वारला. अखेरच्या दिवसांत, जिथे आपल्याला पुरावे असे त्याला वाटत होते त्या जागी जाऊन तो सायंप्रार्थना म्हणे आणि मरियेच्या स्तोत्राला ‘ओ क्लाविस दावीद’, म्हणजे ‘हे दाविदाच्या किल्ली’, हे पद जोडी. बंदिवानाला तुरुंगातून, काळोखातून आणि मृत्यूच्या छायेतून बाहेर काढ, अशी त्यातली मागणी आहे. नाताळच्या तयारीचे पद एका म्हाताऱ्या माणसाने मरणाच्या तयारीसाठी वापरले, आणि ते तिथेही अगदी चपखल बसले.

पहिले पद ‘ओ सापिएन्त्सिया’, म्हणजे ‘हे ज्ञाना’. परात्पराच्या मुखातून निघालेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचणारे, सगळे काही बळाने आणि तरीही हळुवारपणे मांडणारे हे ज्ञान. त्यातले शब्द ‘बेन सिरा’ आणि ‘शलमोनाचे ज्ञान’ या ग्रंथांतून आले आहेत. हे दोन्ही ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहेत, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाहीत. त्यामुळे अनेक मराठी प्रॉटेस्टंट वाचकांना ही ओळ अनोळखी वाटेल. आशय मात्र योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभाशी जुळणारा आहे : जो जन्मणार तो सृष्टीच्याही आधीचा.

दुसऱ्या दिवशीची हाक सर्वांत धाडसी आहे. ‘अदोनाय’ म्हणजे प्रभू. इस्राएलच्या देवाचे चार अक्षरी नाव धर्मनिष्ठ यहुदी उच्चारत नाहीत. वाचताना त्याच्या जागी ‘अदोनाय’ म्हणतात. जळत्या झुडपात मोशेला दर्शन देणारा, सीनाय पर्वतावर नियमशास्त्र देणारा तो तूच, असे हे पद येणाऱ्या बाळाला उद्देशून म्हणते. येशू पित्याशी एकतत्त्व आहे की नाही यावर ३२५ साली निकाया येथे धर्मपरिषद भरली. तो पूर्ण देव आणि पूर्ण मानव आहे असे ४५१ साली कॅल्सेडनच्या परिषदेने ठरवले. त्या परिषदांची भाषा तत्त्वज्ञानाची होती. इथे तोच विश्वास एका हाकेत मावला आहे, आणि सामान्य भाविकाच्या मनात तो परिषदांच्या ठरावांपेक्षा अशा हाकांनीच अधिक रुजला, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरे पद ‘ओ रादिक्स’, म्हणजे ‘हे मुळा’. दाविद राजाचा बाप इशाय. त्याच्या बुंध्याला धुमारा फुटेल असे यशया संदेष्ट्याने म्हटले. घराणे तोडलेल्या झाडासारखे उरले आहे, तरी मूळ जिवंत आहे. या पदात ‘आता उशीर करू नकोस’ अशी घाई आहे. वाट पाहून थकलेल्याचा तो सूर आहे. चौथे पद किल्लीचे. तू उघडलेस ते कोणी बंद करत नाही, तू बंद केलेस ते कोणी उघडत नाही.

संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणाऱ्या काही बेनेडिक्टाइन मठांत ही पदे सुरू करण्याचा मान वाटून दिलेला असे. पहिले पद मठाधिपती उचली. ‘मुळा’चे पद मठाच्या बागेची निगा राखणारा बंधू आणि ‘किल्ली’चे पद कोठाराच्या चाव्या सांभाळणारा बंधू सुरू करी. पद सुरू करणाऱ्याने त्या दिवशी इतरांना काही गोडधोड द्यायचे, अशीही रीत होती. मातीत राबणाऱ्याच्या आणि धान्य मोजून देणाऱ्याच्या तोंडी देवाचे नाव त्यांच्याच कामाच्या शब्दात यावे, यात मोठी समज आहे.

पाचव्या, २१ डिसेंबरच्या पदात ख्रिस्त ‘ओरिएन्स’ आहे : उगवता प्रकाश, शाश्वत तेजाची प्रभा, नीतिमत्त्वाचा सूर्य. उत्तर गोलार्धातली सर्वांत मोठी रात्र याच सुमारास येते, म्हणून हे पद मुद्दाम त्या दिवसाला योजले आहे असे पुष्कळदा सांगितले जाते. सांगायला हे छान आहे, पण पटण्याजोगे नाही. आठव्या-नवव्या शतकात ज्युलियन पंचांग चालू होते आणि ते सूर्यापासून सरकलेले होते. तेव्हा ती रात्र सुमारे चार दिवस आधीच होऊन जात असे. आजचा मेळ १५८२ च्या ग्रेगोरियन सुधारणेमुळे बसला. योगायोग असला तरी युरोपातल्या थंडीत, दुपारीच अंधारून येणाऱ्या दिवशी, हे पद गाणाऱ्यांना त्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

सहावे पद ‘ओ रेक्स’, राष्ट्रांचा राजा. दोहोंना एक करणारी कोनशिला, असे त्याचे वर्णन येते; हे दोघे म्हणजे यहुदी आणि यहुदीतर. मागणी आहे ती अशी : ‘ये, आणि तू मातीपासून घडवलेल्या माणसाला वाचव.’ सातही पदांतले माणसाचे सर्वांत उघडेनागडे वर्णन हेच. ज्याने माती कालवून माणूस घडवला, तोच आता त्या मातीचा होऊन येणार आहे. देहधारणेचा सिद्धांत याहून साधेपणाने सांगता येत नाही.

शेवटचे नाव ‘एम्मानुएल’, आम्हांबरोबर देव. यशयाच्या सातव्या अध्यायातून मत्तयाने ते येशूच्या जन्मकथेत आणले. यशयाने ते वचन आहाज राजाला, शत्रू यरुशलेमवर चालून आले असताना, इ. स. पू. आठव्या शतकात सांगितले होते. यहुदी वाचक ते त्या काळाच्या संदर्भातच घेतात, आणि त्यांचे हे वाचन आदरानेच लक्षात ठेवायला हवे. ओ अँटिफोन हे ख्रिस्ती वाचन आहे : इस्राएलने शतकानुशतके जपलेली नावे उसनी घेऊन, त्यांची कृतज्ञता मनात ठेवून केलेली प्रार्थना. या पदाचा शेवट ‘ये, आम्हाला वाचव, हे प्रभू आमच्या देवा’ असा होतो.

लॅटिनमधील सात नावांची आद्याक्षरे शेवटाकडून वाचली की ‘एरो क्रास’ असे वाक्य तयार होते : उद्या मी असेन. सात दिवस ‘ये’ म्हटल्यावर मिळालेले उत्तर म्हणून ते भाविकांना फार प्रिय आहे. ते रचणाऱ्याच्या मनात होते का, याबद्दल मात्र शंका घ्यायला जागा आहे. जुन्या हस्तलिखितांत पदांची संख्या सर्वत्र सारखी नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मरियेविषयीचे आठवे पद होते, म्हणून तिथे आरंभ १६ डिसेंबरला होई. त्या पदाचे आद्याक्षर धरले तर वाक्य ‘वेरो क्रास’, खरोखर उद्या, असे होते. काही ठिकाणी २१ डिसेंबरला प्रेषित थोमाला उद्देशून एक पद गात, कारण त्याचा सण तेव्हा त्या दिवशी असे. परंपरेने केरळ आणि मैलापूरशी जोडलेल्या या प्रेषिताचा सण रोमन पंचांगात १९६९ नंतर ३ जुलैला आला.

या पदांवरून रचलेले ‘वेनी, वेनी, एम्मानुएल’ हे लॅटिन गीत १७१० साली कोलोन येथे छापले गेले. जॉन मेसन नील या इंग्रज धर्मगुरूंनी १८५१ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि मूळ पदे न ऐकलेल्यांपर्यंतही ही नावे पोचली. आज प्रचलित असलेली चाल पंधराव्या शतकातल्या एका फ्रेंच हस्तलिखितात सापडली. तिथे ती अंत्यविधीच्या गीताची चाल आहे.

मराठीत या पदांची स्वतंत्र परंपरा नाही, पण त्यांच्याशी नाते सांगणारे बरेच आहे. गोव्यात राशोल येथे १६१६ मध्ये प्रथम छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची रचना याच क्रमाने जाते : पहिल्या पुराणात सृष्टीपासून संदेष्ट्यांपर्यंतची प्रतीक्षा, आणि मग दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचे चरित्र. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपल्या अभंगांत ख्रिस्ताला माउली आणि गुरू म्हणून हाक मारली. नावाने आळवण्याची ही रीत मराठी भक्तीच्या ओळखीची, नावे मात्र इथल्या मातीतली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिल्यावर वसईसारख्या भागात मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मराठीतून होऊ लागला. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, शेवटच्या आठवड्यात शुभवर्तमानाआधीच्या आलेलुयाच्या वचनांत ही नावे तिथे ऐकू येतात. मिस्साच्या वाचनांतला क्रम सायंप्रार्थनेपेक्षा वेगळा आहे : एम्मानुएल २१ तारखेलाच येऊन जातो आणि उगवत्या प्रकाशाचे वचन २४ डिसेंबरच्या सकाळच्या मिस्साला म्हणतात.