कंपनीची उलाढाल ब्रँडच्या रकान्यात लिहू नका

मार्केटिंगच्या रिपोर्टमध्ये एक तक्ता हमखास असतो. डावीकडे ब्रँडची नावं, उजवीकडे ‘वार्षिक विक्री, कोटींत’. त्यातला उजवा रकाना बहुतेक वेळा चुकलेला असतो, कारण आकडे कंपन्यांचे आणि नावं ब्रँडची. कॉलेजच्या प्रोजेक्टपासून एजन्सीच्या सादरीकरणापर्यंत हाच घोळ, आणि एकाने केला की पुढचे दहा जण तोच तक्ता उचलतात.

ब्रँड कशाला म्हणतात हे सांगत बसत नाही. कंपनी म्हणजे जिला ताळेबंद द्यावा लागतो ती. एका कंपनीचे अनेक ब्रँड असतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त तक्ता भरताना विसरायला होतं: सुहाना आणि अंबारी दोन्ही प्रवीण मसालेवाल्यांचे, त्यामुळे त्या कंपनीची उलाढाल सुहानापुढे लिहिली की अंबारी फुकटात त्यात जाऊन बसतो. उलट बाजूने, ‘पार्ले’ म्हणून पार्ले-जी आणि फ्रूटीची बेरीज करणारेही भेटतात. मूळ घराणं एक, पण पार्ले प्रॉडक्ट्स वेगळी, पार्ले अ‍ॅग्रो वेगळी, आणि बिसलेरी तिसरीच.

खरी गोम पुढे आहे. एका ब्रँडमागे तीन वेगळी नावं असू शकतात: ट्रेडमार्क ज्याच्या नावावर आहे तो, माल बनवणारा आणि बाजारात विकणारा. अमूल घ्या. दुधावर प्रक्रिया करतात जिल्हा संघ, पाकिटावर ‘मार्केटेड बाय’ पुढे नाव असतं गुजरातच्या विपणन महासंघाचं, म्हणजे जीसीएमएमएफचं, आणि ट्रेडमार्क आहे आणंदच्या खेडा जिल्हा संघाकडे. 2022-23 साली महासंघाची उलाढाल 55,055 कोटी रुपये होती, तर संघांची थेट विक्री धरून अमूल समूहाची सुमारे 72,000 कोटी. दोन्ही आकडे बरोबर, दोन्ही बातम्यांत ‘अमूलची उलाढाल’ म्हणूनच छापून येतात. एका वर्षाला पहिला आणि पुढच्या वर्षाला दुसरा उचलला, तर वाढीचा दर नुसता हवेत जातो.

म्हणून सुरुवात गूगलवरून नको, पाकिटावरून करा. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ आणि ‘मार्केटेड बाय’ या दोन्ही ओळी उतरवून घ्या. बनवणाऱ्याचे पत्ते दोन-चार असतील तर बऱ्याचदा प्रत्येकापुढे एक अक्षर असतं, आणि बॅच नंबरमधलं तेच अक्षर पाहून हातातला माल कुठल्या कारखान्याचा ते कळतं. खाद्यपदार्थावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी नंबर असतो. पहिला अंक 1 असेल तर परवाना, 2 असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन राज्याचे (महाराष्ट्र 15, केंद्रीय परवाना 00), त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे 11518 ने सुरू होणारा नंबर महाराष्ट्रात 2018 साली दिलेला परवाना. ब्रँडमालक आणि उत्पादक वेगळे असतील तर नंबरही दोन दिसतील. एफएसएसएआयच्याच फॉसकॉस पोर्टलवर दोन्ही टाकून पाहा. शॅम्पू-क्रीमच्या बाबतीत तर हिमाचलमधल्या बद्दीतला एकच कारखाना अनेक ब्रँडचा माल भरून देतो, त्यामुळे त्या कारखान्याच्या ताळेबंदातून तुमच्या ब्रँडबद्दल काहीही कळत नाही.

मालकी ठरते ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या पब्लिक सर्चमध्ये. तिथे वर्ग अचूक टाकावा लागतो: मसाले, बिस्किटं, चहा 30 मध्ये, खाद्यतेल आणि दुधाचे पदार्थ 29 मध्ये, साबण-सौंदर्यप्रसाधनं 3 मध्ये. चुकीच्या वर्गात शोधून ‘ट्रेडमार्कच नाही’ असं ठोकून देणारे कमी नाहीत. आणि अर्जाची स्थिती ‘रजिस्टर्ड’ आहे की ‘ऑब्जेक्टेड’ (म्हणजे आक्षेप घेतलेला) हे न बघता मालक जाहीर करू नका.

बारकोड 890 ने सुरू झाला म्हणजे माल भारतात बनला, ही अफवा आता तरी थांबवा. तो क्रमांक जीएस1 इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतला आहे, एवढंच त्यातून कळतं.

मालक सापडला की मग कंपनी व्यवहार मंत्रालयाचं एमसीए पोर्टल. 100 रुपये भरून कंपनीची कागदपत्रं पाहता येतात. एओसी-4 या फॉर्ममध्ये वार्षिक हिशेब मिळतात. पण गोकुळ तिथे शोधू नका. तो सहकारी संघ आहे, त्याचे आकडे वार्षिक अहवालात असतात. प्रोप्रायटरी फर्म, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, तर तिथे असणारच नाही. आणि कंपनी सापडली तरी हिशेबात ब्रँडनिहाय विक्री सहसा नसते, विभागनिहाय असते. तेही जपून वाचा. हॉर्लिक्स 1 एप्रिल 2020 ला हिंदुस्तान युनिलिव्हरकडे आलं आणि त्या कंपनीचा खाद्य-पेय विभाग एका वर्षात फुगला. लोकांनी अचानक जास्त चहा प्यायला सुरुवात केली नव्हती.

ब्रँडचा स्वतंत्र आकडा मिळालाच नाही तर रकान्याचं शीर्षक ‘कंपनीची उलाढाल’ असं बदला, शेजारी त्या कंपनीचे इतर ब्रँड लिहा. अंदाजाने टक्केवारी काढून भागाकार करण्यापेक्षा रिकामा रकाना बरा.

बाजारातला वाटा काढताना आणखी एक खड्डा. बाजाराचा एकूण आकार बऱ्याचदा ग्राहकाने मोजलेल्या किमतीत दिलेला असतो, कंपनीची उलाढाल मात्र जीएसटी आणि दुकानदार-वितरकाचं मार्जिन वगळून. 100 रुपये एमआरपीवर 18 टक्के जीएसटी असेल तर 84.75 रुपयेच उरतात, आणि मार्जिन त्यातूनही जातं. या दोन आकड्यांचा थेट भागाकार केला की प्रत्येक ब्रँडचा वाटा खरा असतो त्याहून लहान दिसतो.