कुंग-फूच्या घराण्यांची कुळकथा

‘यी-जिन-जिंग’ हा व्यायामाचा एक छोटा चिनी ग्रंथ. त्याला दोन जुन्या प्रस्तावना जोडलेल्या आहेत. पहिलीखाली तांग काळातला सेनापती ली जिंग याचं नाव आणि इसवी सन ६२८ चं साल. दुसरी सोंग काळातला सरदार न्यू गाओ याची, ११४२ सालची. मी शिपाईगडी, मला एक अक्षर वाचता येत नाही, असं तो त्यात सांगतो. लेखी सांगतो!

ली जिंगच्या नावावरची प्रस्तावना म्हणते, की ‘ताइहे’ या कालखंडात सम्राट शिआओमिंगच्या राज्यात भारतातून चीनला गेलेला बौद्ध भिक्षू बोधिधर्म लिआंग राज्यातून उत्तरेला आला, शाओलिन मठात राहिला आणि मागे हा ग्रंथ ठेवून गेला. आता हिशोब करा. ताइहे कालखंड ४७७ ते ४९९ आणि तो सम्राट शिआओवेनचा. शिआओमिंग गादीवर आला तो पुढे, सहाव्या शतकात. लिआंग घराणं तर ५०२ मध्ये सुरू झालं. म्हणजे जे राज्य अजून जन्मालाच आलं नव्हतं, तिथून बोधिधर्म निघाला. ग्रंथ प्रत्यक्षात १६२४ च्या आसपासचा. लिंग तिंगखान नावाच्या पंडिताने अठराव्या शतकातच ही लबाडी ओळखली होती आणि हे कुणातरी अडाणी गावमास्तराचं काम आहे, अशी खिल्लीही उडवली होती. तरीही बोधिधर्म आणि शाओलिनचे ठोसे यांची सांगड पुढे घट्ट झाली ती याच ग्रंथामुळे. ‘कुंग-फू मूळचं आपलंच, बोधिधर्माने तिकडे नेलं’ हे आपल्याकडे छाती फुगवून सांगितलं जाणारं वाक्यही शेवटी याच बनावट कागदावर उभं आहे.

म्हणून कुणी एखाद्या अनोळखी चिनी शैलीचा क्लास काढून ‘आमची परंपरा दीड हजार वर्षांची’ म्हणू लागला, की हा गोंधळ आधी आठवावा. शाओलिनमधलं लढणं खोटं नाही. ६२१ मध्ये तिथल्या भिक्षूंनी पुढे सम्राट झालेल्या ली शिमिनला मदत केली, हे ७२८ च्या शिलालेखात कोरलेलं आहे. पण त्यात बोधिधर्माने शिकवलेल्या युद्धकलेचा किंवा हातघाईच्या एखाद्या खास पद्धतीचा पत्ता नाही. सोळाव्या शतकात मठाचं नाव गाजत होतं ते काठीसाठी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला चेंग झोंगयोउ याने शाओलिनच्या काठीवर पुस्तक लिहिलं. काठी इतकी नावाजलेली असताना भिक्षू आता मुष्टियुद्धाच्या मागे का लागलेत, असा प्रश्न त्यात येतो. उत्तर असं, की काठी पूर्णत्वाला पोचली आहे, मुष्टियुद्ध अजून देशभर पसरलेलं नाही, तेव्हा तेही तिथवर न्यायचं आहे. तांग काळातली ‘शाओलिन मूठ’ विकणाऱ्याला एवढा एक परिच्छेद दाखवावा.

मग खोट्या वंशावळी इतक्या का? शस्त्रविद्या शिकवणारा बहुतेकदा खेड्यातला, कमी शिकलेला माणूस. त्याच्या विद्येला वजन यायचं ते मूळपुरुषाच्या नावाने. शिवाय छिंग राजवटीत तिआनदीहुइसारख्या गुप्त मंडळांनी आपली मूळकथा रचली: सरकारने शाओलिन जाळलं, पाच जण वाचले, त्यांनी सूड घेण्याची शपथ वाहिली. एकोणिसाव्या शतकात ही कथा कादंबऱ्यांत शिरली आणि दक्षिणेतल्या किती तरी शैलींनी त्या पाचांपैकी एखादा आपला आद्यगुरू करून टाकला. मूळ मठ उत्तरेतला; कथेतलं ते जळालेलं ‘दक्षिण शाओलिन’ नेमकं कुठे होतं, यावर फूज्येन प्रांतातली पुतिआन, छुआनझोउ आणि फुछिंग ही तीन ठिकाणं आजही भांडतात.

ही जळमटं झाडायला घेतली ती तांग हाओ या वकिलाने. १९२८ मध्ये नानजिंगला राष्ट्रीय युद्धकला संस्था निघाली, तिथे तो काम करायचा. १९३० मध्ये शाओलिन आणि वुदांग (ताओपंथी मठांचा डोंगर) यांच्या दंतकथांचा पंचनामा करणारं त्याचं पुस्तक आलं. बोधिधर्म आणि ताइची या संथ युद्धकलेचा जनक मानला जाणारा ताओपंथी साधू झांग सानफेंग हे दोन्ही मूळपुरुष त्याने एका फटक्यात बाद केले. चिडलेल्या काही वस्तादांनी त्याला बदडायचा बेत केला होता, असं सांगतात. नंतर तो हनानमधल्या चेनजिआगोउ या गावी गेला आणि तिथल्या ताइची शिकवणाऱ्या चेन घराण्याची वंशावळ तपासली. चेन घराण्याचे डाव त्याने सोळाव्या शतकातला सेनापती छी जिगुआंग याच्या लष्करी पुस्तकातल्या ३२ पवित्र्यांशी ताडून पाहिले, २९ जुळले. घराण्याचं गुपित म्हणून जे जपलं गेलं, त्यातला मोठा भाग छापील पुस्तकातही होता. ताइचीचा उगम याच गावातला, हा त्याचा निष्कर्ष मात्र आजही सगळ्यांना पटत नाही.

सरकारी शिरगणती झाली १९८३ ते १९८६ मध्ये. परंपरा सुसंगत, तत्त्व स्पष्ट, शैली वेगळी आणि पद्धत स्वयंपूर्ण, या कसोट्यांवर १२९ शैली नोंदल्या गेल्या. यादीत नाव नाही म्हणून शैली बनावट ठरत नाही. एखाद्या गावापुरत्या, एखाद्या घरापुरत्या पद्धती यादीबाहेर राहणारच. आणि नाव आहे म्हणून आद्यगुरूची गोष्ट खरी होत नाही. २०१७ मध्ये छंगदूला मिश्र युद्धकलेतल्या शू शिआओदोंगने एका ताइची गुरूला काही सेकंदांत आडवं केलं, तेव्हा सगळा गदारोळ ‘खरं-खोटं’ याच शब्दांत झाला. पण त्या लढतीने तो माणूस किती लढू शकतो एवढंच कळलं. त्याची परंपरा कुठून आली, हे ठोशाने कळत नाही.

तपासायचं ते उलटं, आजपासून मागे. गुरूचा गुरू कोण, कुठल्या गावचा, त्याचे आणखी कोण शिष्य होते, त्यांचे डाव याच्याशी जुळतात का. दोन-तीन पिढ्या मागे गेलं की बहुतेक भानगडी उघड्या पडतात. ‘डोंगरातल्या एका म्हाताऱ्या साधूने फक्त मलाच शिकवलं’ हे उत्तर आलं, तर समजायचं काय ते समजावं. पण जगभर पसरलेल्या, पूर्णपणे जिवंत शैलींचंही फारसं वेगळं नाही. दक्षिण चीनमधली विंग चुन ही शैली घ्या. तिचे प्रसिद्ध गुरू इप मान (१८९३–१९७२) यांच्या मागे चान वा-शुन, त्याच्या मागे फोशानचे वैद्य लिओंग जान. इथवर माणसं हाताला लागतात. त्यांच्याही मागे गेलं की उरते दंतकथेतली एक भिक्षुणी, आणि तिने पाहिलेली बगळ्याची नि सापाची झुंज, जिच्यावरून म्हणे तिला ही शैली सुचली.