रत्नांची दीप्ती-परीक्षा

खड्यावर अतिनील किरण टाकून त्यातून उमटणाऱ्या उजेडाचा रंग, जोर, आकृती आणि टिकाव पाहणे व त्यावरून तो निसर्गात घडला की प्रयोगशाळेत, याचा अंदाज बांधणे, या पद्धतीला दीप्ती-परीक्षा म्हणतात. किरण पडत असेपर्यंतच दिसणारी चमक म्हणजे अनुस्फुरण आणि दिवा विझवल्यावरही रेंगाळणारी ती प्रस्फुरण.

कृत्रिम माणिक हे रासायनिक दृष्ट्या माणिकच असते, त्यामुळे काठिण्य, घनता किंवा वक्रीभवनांक मोजून ते नैसर्गिक माणकापासून वेगळे काढता येत नाही. फरक उरतो तो सूक्ष्म अशुद्धींत आणि स्फटिक वाढण्याच्या रीतीत, आणि दीप्ती या दोहोंवरच अवलंबून असते. माणकातील क्रोमियम ६९४ नॅनोमीटरच्या आसपास लाल उजेड देते, तर लोह तो दडपते. म्हणून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्यूल यांच्या, भुकटी ज्वालेत वितळवून स्फटिक वाढवण्याच्या ज्वालापद्धतीने (१९०२) केलेले, लोहविरहित माणिक निखाऱ्यासारखे पेटते आणि लोहयुक्त थाई माणिक मंदच राहते. मात्र अस्सल बर्मी माणिकही तितकेच पेटते, हे विसरणारा पारखी फसतो.

नाशिकच्या सराफ बाजारात ही परीक्षा करायची तर पेढीवरचे दिवे मालवून खडा काळ्या मखमलीवर ठेवावा. पांढऱ्या कागदाच्या पुडीत तो तसाच पाहिला, तर कागदातील उजाळक द्रव्यच निळे चमकते आणि ती निळाई खड्याच्या माथी मारली जाते. दिवा दोन लहरींचा हवा, ३६५ नॅनोमीटर (दीर्घलहर) आणि २५४ नॅनोमीटर (लघुलहर). नोटा तपासायच्या दिव्यात सहसा पहिलीच असते. ज्वालापद्धतीच्या निळ्या नीलमाची खडूसारखी पांढुरकी झाक मात्र दुसरीखाली दिसते. तापवलेला नैसर्गिक नीलमही कधी कधी अशीच झाक दाखवतो.

हिऱ्याच्या बाबतीत रंगापेक्षा आकृती अधिक बोलकी असते. साधारण चौथाई ते एकतृतीयांश नैसर्गिक हिरे दीर्घलहरीखाली चमकतात, बहुधा निळे, आणि लघुलहरीखाली फिके पडतात. उच्च दाब व तापमानाखाली वाढवलेल्या हिऱ्यात हा क्रम पुष्कळदा उलटा असतो, चमक फुलीच्या आकारात दिसते आणि दिवा विझल्यावरही काही काळ राहते. वायूतून थरावर थर चढवून केलेला, बाजारात ‘सीव्हीडी’ म्हणून ओळखला जाणारा हिरा नायट्रोजन व स्फटिकातील अणूची रिक्त जागा यांच्या जोडीमुळे नारिंगी चमकू शकतो. वाढीच्या रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून प्रयोगशाळांत २२५ नॅनोमीटरहून आखूड लहरी वापरतात.

काहीच न चमकणारा हिरा मात्र त्यामुळे कृत्रिम ठरत नाही. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानातून १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला ‘नाशिकचा हिरा’ ज्या गोवळकोंडा परिसरातला मानतात, तिथल्या कित्येक नामांकित हिऱ्यांत नायट्रोजन नगण्य आहे, आणि नेहमीची निळी चमक तर नायट्रोजनमुळेच येते. उलट, चमक ही रत्नांचीच मिरास नव्हे: पांडवलेण्यांच्या डोंगराजवळच्या खाणीत बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळालेले पॉवेलाइट हे खनिज लघुलहरीखाली मलईसारखे पिवळे उजळते.

दिव्याखाली शंका आलेला हिरा प्रयोगशाळेत द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत गार करतात आणि त्यावर लेसर टाकून वर्णपट घेतात. त्यात ७३७ नॅनोमीटरला सिलिकॉनची खूण उमटली, तर संशय सीव्हीडीकडे वळतो. नैसर्गिक हिऱ्यात ती क्वचितच आढळते.